नकारानंतरचे कर्तव्य
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी ‘विद्यार्थ्यांना दोन शब्द सांगा’ अशी आज्ञा केली, तेव्हा प्रथम आम्ही नकारच दिला होता. आम्ही जुने मॅट्रिक. आमचे सारे आयुष्य प्राथमिक शाळेत बाराखडी आणि पाढे शिकविण्यात गेले. येथे समोर इंजिनियर, डॉक्टर, वकील बसलेले आहेत. त्यांना आम्ही काय सांगावे? परंतु विचार करता असे ध्यानात आले की, एका विषयात आमचा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांहून अधिक आहे. तो विषय म्हणजे नापास झालेला मुलगा. पास झालेल्या मुलाला गुणगौरवासाठी व्यासपीठावर बोलावतात. नापास झालेला मुलगा मात्र आम्हां मास्तरांच्या वाट्यास येतो. निकालाच्या दिवशी सगळी शाळा घरी गेल्यावर वर्गाच्या पायरीवर एकटा बसून राहिलेला मुलगा आम्ही दरवर्षी पाहिला. म्हणून आज आम्ही यशाविषयी न बोलता नकाराविषयी बोलणार आहोत.

प्रथम एक हकीकत सांगतो. ती आमच्या सख्ख्या भाच्याची आहे. आपल्यापैकी अनेकांना तो माहीत आहे. तथापि नाव घेण्याचे कारण नाही. ‘मामा, सांगा. दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडेल,’ असे त्याने स्वतः म्हटल्यावरच आम्ही हे बोलण्याचे धाडस करीत आहोत.

आमचे मेहुणे शिवणकाम करतात. आपल्या ज्ञातीचा हा पिढीजात धंदा. त्यात लपविण्यासारखे काही नाही. दुकान लहान, दोन यंत्रे, आणि दिवाळी व लग्नसराई सोडली तर मिळकत बेताची. अशा घरातील मुलाने बारावीला पदार्थविज्ञान आणि गणित या विषयांत उत्तम गुण मिळविले आणि वैमानिक होण्याचा हट्ट धरला. गोंदियास प्रशिक्षण घेण्याचे ठरले. घर गहाण पडले, बँकेचे कर्ज झाले, बहिणीचे दागिने गेले, आणि आपल्या मंडळाच्या शिक्षणनिधीनेही कर्जाऊ रक्कम दिली. १९२८ साली जुहूला फ्लाइंग क्लब निघाला तेव्हा विमान उडविणे हा श्रीमंतांचा शौक होता. शिंप्याच्या मुलाने त्याची उमेद धरावी, इथपर्यंत काळ आला ही आनंदाची गोष्ट आहे. पण खर्च मात्र अजूनही श्रीमंतांचाच राहिला आहे.

हा मार्ग कसा असतो ते पालकांना ठाऊक असावे, म्हणून थोडक्यात सांगतो. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्या देशात किमान दोनशे तासांचे उड्डाण लागते. नौकानयनासारखे आकाशातील दिशानयन, हवामानशास्त्र, हवाई नियम, विमानाची तांत्रिक माहिती असे पेपर असून त्यांत शंभरांपैकी सत्तर गुण मिळवावे लागतात. रेडिओवर बोलण्याची परीक्षा निराळी, डोळ्यांपासून हृदयापर्यंत डॉक्टरी तपासणी निराळी. हे सर्व झाले की परवाना मिळतो. परंतु परवाना म्हणजे नोकरी नव्हे! प्रवासी विमान चालवावयाचे तर त्या विशिष्ट जातीच्या विमानाचे शिक्षण वेगळे घ्यावे लागते, आणि त्याचा खर्चही पुष्कळदा उमेदवारावरच पडतो. त्यानंतर विमान कंपनीची लेखी परीक्षा, मनाची व हाताची चपळाई मोजणारी यंत्रावरील कसोटी, कृत्रिम विमानात बसवून घेतलेली परीक्षा, आणि शेवटी मुलाखत. यांपैकी कोणत्याही पायरीवर उमेदवार गळू शकतो.

आमच्या भाच्याने २०१९ साली प्रवेश घेतला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि शिकाऊ विमानेही जमिनीवर उभी राहिली. त्यातूनही त्याने तास पुरे केले, परवाना मिळविला. २०२३ च्या आपल्या संमेलनात शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार झाला. ‘आपल्या ज्ञातीचे वैमानिक’ असा त्याचा उल्लेख ध्वनिक्षेपकावरून करणारे गृहस्थ आम्हीच होतो. तेव्हा तो नोकरीस लागलेला नव्हता. ‘मामा, अजून मुलाखत व्हायची आहे,’ असे त्याने आमच्या कानात सांगितलेही. परंतु टाळ्यांच्या भरात आम्ही तिकडे लक्ष दिले नाही.

२०२४ च्या आरंभी एका विमान कंपनीत त्याची मुलाखत झाली. लेखी परीक्षा उत्तीर्ण, कृत्रिम विमानातील परीक्षा उत्तीर्ण, आणि मुलाखतीनंतर आठवड्याने दोन ओळींचा निरोप : आपली निवड झालेली नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. कारण नाही, गुण नाहीत.

त्यापुढील दोन महिने त्या घरात कसे गेले ते आम्ही पाहिले आहे. खुंटीवर इस्त्रीचा पांढरा सदरा टांगलेला, आणि मुलगा भिंतीकडे तोंड करून निजलेला. तो जेवायला बसे, पण ताट तसेच राही. एका लग्नात त्याला बळेच नेले, तेथे पंगतीत चार जणांनी विचारले, ‘काय वैमानिक, आम्हांला केव्हा नेणार आकाशात?’ तो हात धुऊन उठून गेला. विचारणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. त्यांना ते संबोधन आम्हीच तर शिकविले होते! आणि आमचे वर्तन काय होते? ज्या मास्तराने जन्मभर नापास मुलांची समजूत घातली, तो स्वतःच्या भाच्याला म्हणाला, ‘आम्ही पूर्वीच सांगत होतो, बँकेची परीक्षा दे.’ त्याने उत्तर दिले नाही. ते वाक्य परत घेता आले असते तर आमची सारी पेन्शन आम्ही त्याबद्दल दिली असती.

त्याला वाट दाखविली ती आम्ही नव्हे, तर त्याच्या वडिलांनी, आणि तीही दुकानात बसून. एका गिऱ्हाइकाने लग्नाचा कोट परत आणून टाकला होता. मुलगा कोपऱ्यात बसला होता. मेहुण्यांनी कोट उलटा करून पाहिला आणि मान वर न करता म्हटले, ‘गिऱ्हाइकाने कोट परत दिला म्हणून आपण कातर टाकून देतो काय? कुठे आवळतो ते विचारायचे, तेवढीच शिवण उसवायची. बाकीचा कोट तसाच ठेवायचा.’

बंधूंनो, आम्ही अनेक व्याख्याने ऐकली, पण नकाराविषयी याहून शहाणपणाचे बोलणे ऐकले नाही. ‘बाकीचा कोट तसाच ठेवायचा.’ नकार आला की तरुण मनुष्य सगळा कोट फाडावयास निघतो. आपले शिक्षण व्यर्थ, आपले कष्ट व्यर्थ, आपण स्वतःच व्यर्थ, असे त्याला वाटू लागते. वस्तुतः एखादीच शिवण आवळत असते. कित्येकदा तर तीही आवळत नसते.

म्हणून नकार आला असता पहिले कर्तव्य हे की, तो कोणत्या जातीचा आहे ते ओळखावे. आमच्या अल्पमतीप्रमाणे नकाराचे चार प्रकार आहेत.

पहिला प्रकार जागेचा. उमेदवार योग्य असतो, परंतु जागा संपलेल्या असतात. याचे उदाहरण डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. १९५८ साली लढाऊ वैमानिक होण्याच्या इच्छेने ते डेहराडून येथे हवाई दलाच्या निवड मंडळापुढे गेले. उमेदवार पंचवीस, निवडावयाचे आठ, आणि कलामांचा क्रमांक नववा! खिन्न मनाने ते ऋषिकेशला गेले, स्वामी शिवानंदांना भेटले, आणि तेथून परतून त्यांनी दिल्लीस संरक्षण खात्यातील तांत्रिक नोकरी पत्करली. पुढील इतिहास आपणांस विदित आहे. मात्र त्यातील एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ८ जून २००६ रोजी, राष्ट्रपती असताना, आपल्या पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून त्यांनी सुखोई लढाऊ विमानातून उड्डाण केले. तेव्हा त्यांचे वय चौऱ्याहत्तर होते. नववा क्रमांक आला म्हणून त्यांनी विमानावरचे प्रेम सोडले नव्हते. अशा नकारात उमेदवाराने स्वतःस दोष देणे हा अन्याय होय.

दुसरा प्रकार पूर्वग्रहाचा. प्रेम माथूर या महिलेने १९४७ साली व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळविला. त्यांना एकामागून एक आठ कंपन्यांनी केवळ स्त्री म्हणून नाकारले. अखेर हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने घेतले. आज भारतातील महिला वैमानिकांचे प्रमाण जगात वरच्या ओळीत गणले जाते. या ठिकाणी दोष नाकारणाऱ्याचा असतो; उमेदवाराने फक्त नववे दार ठोठावण्याइतके बळ शिल्लक ठेवावे. येथे बसलेल्या मुलींनी आणि विशेषतः त्यांच्या पित्यांनी हे ध्यानात घ्यावे.

तिसरा प्रकार काळाचा. एप्रिल २०१९ मध्ये एक मोठी विमान कंपनी बंद पडली, मे २०२३ मध्ये दुसरीची उड्डाणे थांबली. मार्च ते मे २०२० या काळात तर देशांतर्गत प्रवासी विमानांची वाहतूकच बंद होती. कंपनी बंद पडली की हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक दोनशे तासवाल्या नवख्याच्या रांगेत येऊन उभे राहतात. पुढे वारा फिरतो. २०२३ च्या फेब्रुवारीत एका कंपनीने ४७० आणि जूनमध्ये दुसरीने ५०० विमानांच्या खरेदीची घोषणा केली. विमान आज सांगितले तर ते येण्यास वर्षे लागतात, म्हणून घोषणा झाली की लगेच नोकरी असे नाही. परंतु जो मनुष्य मंदीत तयारी सोडत नाही, त्यालाच तेजीत जागा मिळते.

चौथा प्रकार सर्वांत कठीण, कारण त्यात नकार देणाऱ्याचे म्हणणे खरे असते. याचे उदाहरण शोधण्यास आपल्याला दूर जावयास नको. ते आपल्या घरचेच आहे. संतमंडळी जमली असता गोरोबाकाकांनी थापटी हाती घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिली आणि कच्चे मडके कोणते ते सांगितले. कच्चे ठरले ते कोण? ज्यांना प्रत्यक्ष विठ्ठलाशी बोलण्याचा अभिमान होता ते आपले नामदेवराय! भर सभेत झालेला हा नकार त्यांना झोंबला. त्यांनी पांडुरंगाकडे गाऱ्हाणे नेले. परंतु देवानेही ‘तू पक्का आहेस’ अशी खोटी समजूत घातली नाही. गुरू कर, असेच सांगितले. नामदेव औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले आणि जे शिकावयाचे राहिले होते ते शिकले. पुढे तेच नामदेव पंजाबपर्यंत गेले, त्यांची पदे शिखांच्या ग्रंथसाहेबात आदराने ठेवली गेली, आणि घुमान येथे त्यांचे स्थान आजही पूजिले जाते. त्या दिवशी रागाने त्यांनी संतमंडळीच सोडली असती, तर आपल्या ज्ञातीला मिरवावयास हे नाव उरले नसते. जयंतीला आपण त्यांची पालखी काढतो. त्यांच्या चरित्रातील हा प्रसंग मात्र आपल्या मुलांना सांगत नाही.

आता आमच्या भाच्याची शिवण कोठे आवळत होती ते सांगतो. वडिलांचे बोलणे ऐकून त्याने वही काढली आणि मुलाखतीतील एकूण एक प्रश्न व आपली उत्तरे आठवून लिहिली. ती वही घेऊन तो एका सेवानिवृत्त कप्तानांकडे गेला. त्यांनी वाचता वाचता एका प्रश्नावर बोट ठेवले. प्रश्न असा होता : ‘शेजारी बसलेला वरिष्ठ कप्तान चूक करीत आहे असे दिसले तर काय कराल?’ भाच्याचे उत्तर : ‘ते अनुभवी आहेत, त्यांच्या निर्णयाचा मान राखीन.’ कंपनीने कारण कळविले नव्हते, परंतु कप्तान म्हणाले, ‘मी मंडळावर असतो तर या उत्तरावर तुला घेतले नसते.’

कारण स्पष्ट आहे. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरीफ बेटावर दोन जम्बो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळून ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. उड्डाणाची परवानगी मिळालेली नसता एका कप्तानाने विमान दौडविले. समोरचे विमान धावपट्टीवरून गेले आहे ना, अशी शंका त्याच्या मागे बसलेल्या अभियंत्याने काढलीही. पण कप्तानाने ती झटकून टाकली आणि पुढे कोणी हट्ट धरला नाही. कनिष्ठाने निर्भयपणे बोलावे आणि वरिष्ठाने ऐकावे, हे तेव्हापासून वैमानिकांना विद्या म्हणून शिकविले जाते.

हे ऐकून आम्ही रात्रभर जागे होतो. मोठ्यांच्या तोंडाला लागू नकोस, उलट बोलू नकोस, हे त्या मुलाला कोणी शिकविले? त्याच्या घराने शिकविले, आणि चार इयत्ता तो आमच्याच शाळेत असल्यामुळे आमच्या छडीने शिकविले. ज्याला आम्ही सद्गुण म्हटले, तोच त्या आसनावर दोष ठरला. आदर आणि मौन या दोन वस्तू भिन्न आहेत, हे आम्हांस पासष्टी उलटल्यावर एका नाकारलेल्या मुलाने शिकविले. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्याकडे गेलो आणि त्या बँकेच्या परीक्षेच्या वाक्याबद्दल क्षमा मागितली. तो म्हणाला, ‘मामा, तुम्ही चुकलात हे मी तेव्हाच म्हणायला हवे होते. तेवढाच सराव झाला असता.’ कित्येक महिन्यांनी त्या घरात हसण्याचा आवाज झाला.

तरुणांसाठी व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. नकार आला त्याच आठवड्यात सर्व प्रश्नोत्तरे लिहून काढा; पुढे स्मृती आपल्या सोयीचे तेवढेच ठेवते. जाणत्या माणसाला दाखवा; हळहळ करणारा नको, बोट ठेवणारा पाहा. पुष्कळ कंपन्या काही महिन्यांनी पुन्हा अर्ज करू देतात, म्हणून वैमानिकाने डॉक्टरी दाखला, परवान्याच्या मुदती आणि उड्डाणाचा सराव तुटू देऊ नये. मधल्या काळात त्याच क्षेत्राच्या जवळचे काम धरावे : शिकाऊ मुलांना शिकविणे, विमानतळावरील काम, उड्डाणाचा आराखडा करण्याचे काम. पैसे घेऊन हमखास नोकरी लावून देतो म्हणणाऱ्याला दाराबाहेरूनच परत पाठवा. आणि झोप उडाली, अन्न जाईना, जगणे नको असे विचार मनात येऊ लागले, तर ती लाज नव्हे, तो आजार होय, डॉक्टरकडे जा. सरकारने २०२२ साली ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू केली आहे, तिचा क्रमांक १४४१६. तो घरात कॅलेंडरवर लिहून ठेवा.

वडीलधाऱ्यांसाठी आणि मंडळासाठी तीन सूचना करतो. सत्कार परवान्याचा असेल तर परवान्याचाच करावा. जे पद मिळाले नाही ते ध्वनिक्षेपकावरून देऊ नये. शिक्षणनिधीच्या कर्जाचे हप्ते शिक्षण संपल्यापासून न धरता पहिला पगार हाती आल्यापासून धरावेत. निधीला थोडा विलंब सोसेल, पण तगाद्याने खचलेला मुलगा परत उभा करता येणार नाही. आणि पंगतीत ‘काय झाले नोकरीचे?’ असे विचारण्याऐवजी ‘जेवलास का?’ असे विचारावे. ज्याला सांगावयाचे असेल तो आपण होऊन सांगेल.

भाच्याने आम्हांस एक गोष्ट समजावून दिली. विमान उतरताना ठराविक उंचीपर्यंत त्याचा वेग, दिशा व खाली येण्याची गती स्थिर झाली नाही, तर वैमानिकाने उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा वर जावे, फेरी मारावी आणि नव्याने उतरावे असा नियम आहे. यात कमीपणा मानीत नाहीत. उलट, अस्थिर विमान हट्टाने खाली टेकविणे हाच अपराध समजतात. उतरता आले नाही म्हणजे प्रवास संपला असे नव्हे.

तो अद्याप कोणत्याही कंपनीत लागलेला नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो. पुन्हा एकदा टाळ्यांच्या भरात खोटे बोलण्याची आमची इच्छा नाही. सध्या तो पुण्यास शिकाऊ वैमानिकांना दिशानयन शिकवितो, कर्जाचे व्याज स्वतः भरतो आणि पुढील मुलाखतीची तयारी करतो. आज तो या सभागृहात मागच्या रांगेत बसलेला आहे. सभा संपल्यावर आपण त्याला जरूर भेटावे. फक्त विमानाची गोष्ट त्याला प्रथम काढू द्यावी.